मुका मार लागल्यानंतर शब्दांची अदलाबदल: अमळनेरच्या एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुम्ही जे लिहिले आहे ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही अमळनेरजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवता. जुलैच्या सुरुवातीला पावसात स्कूटर घसरली. डोक्यावर हेल्मेट होते, तरी पडल्यानंतरचे काही क्षण आठवत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही, कार्डावर ‘जीसीएस 15/15’ (शुद्ध किती आहे याचा गुणांक) असे लिहून दुसऱ्या दिवशी घरी सोडले आणि आठवड्याभरात तुम्ही शाळेत रुजू झालात. आता सहा आठवडे होत आले, तरी ‘गुणाकार’ म्हणायचे असताना तोंडून ‘भागाकार’ निघते, डावे-उजवे उलटते, एका मुलाचे नाव दुसऱ्याला लागते आणि वर्गात बोलता बोलता मध्येच अहिराणी शब्द येऊन जातो. कानबाईच्या सणाला, रोटांच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असताना जावेला नावाने हाकही मारता आली नाही. हे कायमचे राहील का, एमआरआय करावा का आणि शब्दांसाठी कोणता व्यायाम करावा, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी जळगावला वाचा आणि भाषा यांच्या उपचारांचे काम करते आणि डोक्याला मार लागलेली माणसे माझ्याकडे नेहमी येतात. त्या अनुभवावरून सांगते की व्यायामाचा प्रश्न तुम्ही सर्वांत जोर देऊन विचारला असला, तरी तुमच्या बाबतीत तो सर्वांत शेवटचा आहे. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: सकाळच्या पहिल्या तासाला चुका जवळजवळ होत नाहीत, पाचव्या-सहाव्या तासाला वाढतात आणि रविवारी दुपारी झोप झाल्यावर तुम्ही ‘अगदी पहिल्यासारखे’ बोलता. ज्याचे शब्द खरोखर पुसले गेले आहेत, त्याला ते रविवारीही सापडत नाहीत. तुमचे शब्द जागेवर आहेत. थकलेल्या मेंदूवर एकाच वेळी फार कामे पडली की योग्य शब्द वेळेवर निवडता येत नाही. म्हणून उपाय शब्दांवर करण्याआधी त्या ओझ्यावर करायला हवा.

हे मी विश्वासाने लिहिते आहे, तरी तुम्हाला मी तपासलेले नाही, म्हणून धोक्याच्या खुणा पहिल्यांदा सांगणे माझे कर्तव्य आहे. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या होणे, झोपेतून उठवणे कठीण जाणे, आकडी (फिट) येणे, एका हातापायाची शक्ती कमी होणे किंवा तोंड वाकडे होणे, चालताना तोल जाणे, बोलणे अचानक बोबडे होणे, दुसऱ्याचे साधे वाक्यही समजेनासे होणे, यांतले काहीही दिसले तर कोणाच्या सल्ल्याची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालयात जावे. मार लागून बरेच दिवस झाले म्हणजे धोका टळला, असे मानू नये. वयस्क माणसांत, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर, मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेले रक्त काही आठवड्यांनीही त्रास देते. आणि मानेला झटका बसला असेल तर तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडून काही दिवसांनी पक्षाघात झाल्याची उदाहरणे तरुण माणसांतही असतात. तुम्हाला मानदुखी असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा.

आता एमआरआय. सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव, हाडाची मोड आणि सूज पाहण्यासाठी असतो. मुका मार लागून मेंदू कवटीच्या आत हादरतो तेव्हा मज्जातंतूंचे सूक्ष्म धागे ताणले जातात आणि पेशींच्या ऊर्जेचा हिशेब काही काळ बिघडतो. हा बिघाड सीटीवर दिसत नाही आणि नेहमीच्या एमआरआयवरही बहुधा दिसत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हिला काय झाले आहे’ हे घरातले बोलणे जितके चुकीचे, तितकीच ‘एमआरआयमध्ये कारण सापडेल’ ही आशाही बहुतेक वेळा फोल ठरते. तुमच्या चुका हळूहळू का होईना कमी होत असतील तर एमआरआयची घाई मी करणार नाही. त्या वाढत असतील, किंवा नुसते शब्द बदलण्याऐवजी वाक्येच मोडू लागली असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवून त्यांच्या निर्णयाने तो करावा. कार्डावरचा जीसीएस 15 हा पूर्ण शुद्धीचा गुणांक आहे. 1974 मध्ये ग्लासगोमध्ये तयार झालेले हे मोजमाप शुद्ध किती आहे एवढेच सांगते. दमल्यावर बोलणे कसे होईल हे त्यावरून कळत नाही.

तुम्हाला ‘अ‍ॅफेजिया’ची भीती वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. अ‍ॅफेजिया, म्हणजे वाचाघात, मेंदूतील भाषेच्या भागालाच इजा झाल्याने होतो. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला एक ठरावीक उच्चार सोडला तर जवळजवळ काहीच बोलता येत नव्हते आणि त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात मोठी इजा आढळली. तुम्ही मला चार पानांचे सुसंगत पत्र लिहिता, आपली चूक तोंडातून निघताक्षणी ओळखता आणि बहुतेक वेळा स्वतःच सुधारता. चूक ओळखणारी यंत्रणा शाबूत असणे हे फार चांगले लक्षण आहे. निदान तपासूनच होते, पण पत्रावरून तरी हे वाचाघाताचे चित्र दिसत नाही.

मग ‘गुणाकार’च्या जागी नेमका ‘भागाकार’च का येतो, ‘खिडकी’ का येत नाही? कोणताही शब्द बोलताना त्याचे शेजारी शब्दही मेंदूत जागे होतात: डावे म्हणताना उजवे, काल म्हणताना उद्या, एका जावेचे नाव घेताना दुसरीचे. निरोगी माणूसही त्यांतून एक शब्द निवडतो आणि बाकीचे दाबून ठेवतो. फक्त हे काम इतक्या वेगाने होते की त्याची जाणीव राहत नाही. निवडण्या-दाबण्याच्या या कामाला लक्ष लागते, आणि मुका मार लागल्यानंतर सर्वांत आधी कमी पडते ते लक्ष आणि विचारांचा वेग. भुसावळजवळ रुळांची दुरुस्ती झाली की काही दिवस त्या पट्ट्यात गाड्यांचा वेग बांधून देतात. गाड्या त्याच असतात, मार्गही तोच असतो, पण नेहमीच्या वेगाने काढायला गेले तर घोळ होतो. तुमचे सध्या तसे आहे. वर्गात तुम्ही एकाच वेळी फळ्यावर लिहिता, बोलता, मागच्या बाकावर लक्ष ठेवता, पुढच्या पायरीचा विचार करता आणि त्यात पंखा, पाऊस, शेजारच्या वर्गाचा गलका असतो. रोटांच्या दिवशी जागरण, उपवास, चुलीची धग आणि बायकांच्या गाण्यांचा आवाज एकत्र आला. त्या दिवशी जावेचे नाव अडले यात मला जराही आश्चर्य वाटले नाही.

अहिराणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खानदेशातल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ही शंका असते आणि बाहेरच्या डॉक्टरांना ती सांगायला माणसे संकोचतात. तुम्ही घरी सासूबाईंशी अहिराणीत, वर्गात प्रमाण मराठीत आणि बाजारात अनेकदा हिंदीत बोलता. एक भाषा बोलताना बाकीच्या दोन दाबून ठेवणे हेही त्याच लक्षाचे काम आहे. दमल्यावर ‘कुठे’च्या जागी ‘कथा’ किंवा ‘मला’च्या जागी ‘माले’ तोंडून गेले, तर त्याचा अर्थ मराठी विसरली असा नव्हे. लहानपणापासून रुजलेली भाषा आधी पुढे आली, इतकाच आहे. म्हणून घरी प्रमाण मराठीचा सराव करण्याचा तुमचा बेत सोडून द्या. घरी मनमोकळी अहिराणी बोला, म्हणजे निदान तेवढे तास मेंदूला एक काम कमी राहील. तपासणीला जाल तेव्हाही ‘माझी घरची भाषा अहिराणी आहे’ हे आधी सांगा. चित्र पाहून एखाद्या वस्तूचे अहिराणी नाव सांगितले आणि तपासणाऱ्याने ते चूक धरले, तर निष्कर्षच चुकतो.

ओझे कमी करणे म्हणजे अंथरुणाला खिळून राहणे नव्हे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला देत असत. आता पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (म्हणजे घरातली हलकी कामे चालू ठेवून घेतलेली), त्या काळात मोबाइल-टीव्ही कमी, आणि मग हळूहळू हालचाल व काम वाढवणे हेच योग्य मानले जाते. खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींवर 2022 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झालेल्या परिषदेतून जो सल्ला निघाला, त्यातले एक माप मी माझ्या रुग्णांनाही वापरायला देते: कामापूर्वी आपला त्रास शून्य ते दहा या पट्टीवर किती आहे ते ठरवावे, काम करताना तो फार तर दोन अंकांनी वाढला आणि तासाभरात उतरला तर चालेल, त्यापेक्षा जास्त वाढला किंवा उतरलाच नाही तर ते काम आज जास्त झाले. सकाळी मोकळ्या हवेत रोज चालणे याच मापाने सुरू करा. त्याने नुकसान होत नाही, उलट बरे होण्याला मदत होते.

शाळेचे म्हणाल तर, आठवड्याभरात पूर्ण सहा तासांवर परतणे तुमच्यासाठी घाईचे ठरले, असे मला वाटते. मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी देऊन काही आठवडे तीन तास मागून घ्या, तेही दुपारच्या सुट्टीपूर्वी आणि शक्य असल्यास मध्ये एक तास मोकळा ठेवून. तो मोकळा तास शिक्षककक्षाच्या गप्पांत किंवा मोबाइलवर गेला तर विश्रांती होत नाही. वाचनालयाच्या कोपऱ्यात डोळे मिटून पंधरा मिनिटे बसलात तरी पुढच्या तासात फरक जाणवेल. मुलांकडे पाठ करून बोलू नका. आधी ‘×’ किंवा ‘÷’ लिहा, वळा, चिन्हाकडे बोट दाखवा आणि मग शब्द म्हणा. डोळ्यांसमोर चिन्ह असले की शेजारचा शब्द पुढे येण्याची शक्यता कमी होते. मुलांच्या बसण्याच्या जागांप्रमाणे नावांचा तक्ता टेबलावर ठेवा. संख्या उलटत असतील (मराठीत आपण ‘सत्तावीस’मध्ये एकक आधी म्हणतो, त्यामुळे 27 आणि 72 यांची गल्लत दमलेल्या माणसाला सहज होते), तर दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये आलेली ‘वीस सात’ ही रीत काही दिवस बिनदिक्कत वापरा. त्या रीतीवर तेव्हा बराच वाद झाला होता, पण तुमच्या आजच्या गरजेला ती अगदी नेमकी बसते.

मुले हसतात याचे तुम्हाला फार लागले आहे. त्यांना एकदाच, सरळ सांगा: ‘माझ्या डोक्याला मार लागला आहे, कधी कधी शब्द उलटतो, उलटला तर हात वर करा.’ माझा अनुभव असा आहे की चूक लपवण्याची धडपड थांबली की निम्म्या चुका त्याबरोबर जातात, कारण लपवण्यालाही लक्ष लागते.

घरच्यांसाठीही काही लिहिते, हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. यजमान प्रत्येक शब्द दुरुस्त करतात आणि सासूबाई काळजीपोटी वस्तू दाखवून ‘हे काय, सांग बरं’ असे विचारतात. दोघांचाही हेतू प्रेमाचा आहे, पण अशा परीक्षेत दडपण वाढते आणि दडपणात शब्द जास्तच अडतो. अर्थ कळला असेल तर चुकीचा शब्द जाऊ द्यावा. कळला नसेल तर ‘डाव्या कपाटात की उजव्या?’ असे दोन पर्याय द्यावेत. शब्द अडला तर लगेच पुरवू नये, थोडे थांबावे. तुम्ही हाताने खूण केलीत तरच पुरवावा. एका वेळी एकाने बोलावे आणि बोलताना टीव्ही बंद असावा. तीसपर्यंतचे पाढे म्हणवून घेऊन ‘सगळे ठीक आहे’ असा निर्वाळाही देऊ नये. पाढे, आरत्या, आठवड्याचे वार हे सवयीने एका दमात येतात. मोठा वाचाघात झालेल्या माणसांनाही ते कधी कधी म्हणता येतात. त्यावरून बोलताना शब्द निवडण्याची क्षमता कळत नाही, आणि म्हणून तो चांगला व्यायामही नाही.

आता व्यायाम. सकाळी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटे पुरेत, आणि शब्द तुमच्या रोजच्या कामातलेच घ्यावेत. समजा ‘झारा’ हा शब्द अडला. त्याच्यावर जोर लावून बसू नका. त्याच्याभोवती बोला: तळण काढायचा, भोके असलेला, कढईजवळ टांगलेला. उपयोग, रूप, जागा, कोणत्या गटातला, असे एकेक सांगत गेले की बहुधा शब्द स्वतःहून येतो. नाही आला तरी ऐकणाऱ्याला वस्तू कळलेली असते आणि बोलणे पुढे जाते. पहिले अक्षर आठवून पाहणेही उपयोगी पडते. 1966 मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी दाखवून दिले होते की ओठांवर आलेला शब्द सांगता येत नसला, तरी त्याचे पहिले अक्षर आणि लांबी माणसाला पुष्कळदा ठाऊक असते. दुसरा सराव म्हणजे उद्याच्या पाठातले पाच-सहा महत्त्वाचे शब्द घेऊन प्रत्येकाचे एक पूर्ण वाक्य नेहमीपेक्षा सावकाश, मोठ्याने म्हणणे. डोके जड वाटू लागले की तिथेच थांबा. दमून केलेल्या सरावात चुकीचीच सवय पक्की होते. तास-तास शब्दकोडी सोडवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला आहे, तो सध्या बाजूला ठेवा.

औषधांची यादी तुम्ही पाठवलेली नाही, पण ती डॉक्टरांकडून एकदा नीट पाहून घ्या. डोकेदुखी टाळण्यासाठी कधी कधी देतात ते टोपिरामेट शब्द सापडण्यात अडथळा आणू शकते आणि झोपेची काही औषधे दिवसभर सुस्ती ठेवतात. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस घेतल्या तर त्यांचीच डोकेदुखी लागू शकते. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. तुम्ही ‘मेंदूच्या टॉनिक’बद्दल विचारले आहे. त्यासाठी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे सिटिकोलीन अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांवर तपासले गेले आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, 90 दिवसांनी ते घेणाऱ्यांत आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत फरक आढळला नाही. तो पैसा मी त्यावर खर्च करणार नाही. झोप मात्र औषधापेक्षा मोलाची आहे. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवा. अपघाताची आठवण येऊन रात्री दचकून जाग येते, असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. तेही डॉक्टरांना सांगा, कारण भीती आणि उदासी याही लक्ष खातात आणि त्यांवर चांगले उपचार आहेत.

हे कायमचे राहील का, याचे उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: पूर्वी कधी डोक्याला मार लागला होता का, अर्धशिशी होती का, झोप कशी आहे, कामाचा ताण किती कमी करता येतो. बहुतेक प्रौढ माणसे काही आठवड्यांत, तर काही जण तीन महिन्यांपर्यंत बरी होतात. त्यापुढेही त्रास राहणारी माणसे थोडी असतात आणि त्यांच्यातही सुधारणा होत राहते. सकाळचा तास स्वच्छ जातो आहे, हे पाहता तुमच्याबद्दल मला चांगली आशा आहे. तिला एकच मोठा धोका आहे: हा मार भरून येण्याआधी दुसरा लागणे. डावे-उजवे उलटते आहे तोवर स्कूटर चालवू नका, मग शाळा कितीही जवळ असो. यजमानांच्या मागे बसून जा, आणि मागे बसतानाही हेल्मेट घाला.

नोकरीवर परिणाम होतो आहे, त्यामुळे आणखी वाट न पाहता एकदा वाचा-उपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. जवळ कोणी नसेल तर मुंबईला वांद्र्याच्या, वाचा आणि श्रवणदोषांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. सोबत श्रवणतपासणीही करून घ्या, कारण कानाला मार बसून ऐकणे किंचित कमी झाले असेल तर गलक्यात दुप्पट लक्ष लागते. जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत चुकलेला शब्द, त्याच्या जागी आलेला शब्द, वेळ, आदल्या रात्रीची झोप आणि आजूबाजूचा आवाज एवढेच टिपून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म आणि गोळ्यांची पाकिटेही बरोबर न्या. दिवाळीपर्यंत पूर्ण रजा घ्यावी का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. मी पूर्ण रजेच्या बाजूने नाही, कारण ठरावीक मापात केलेले काम हाच तुमचा उत्तम सराव आहे. तीन तास सलग दोन आठवडे दोन अंकांच्या मापात गेले की चौथा वाढवा, आणि त्याने त्रास वाढला तर आठवडाभर पुन्हा तिनावर या.